फोटोतली उडी

सायकल कंपन्यांच्या जाहिरात विभागांतल्या सर्व मंडळींना,



तुमच्या जाहिरातीतली माउंटन बाइक जमिनीला टेकलेली क्वचितच दिसते. ती हवेत असते. खाली लाल माती, मागे मावळतीचा उजेड, तोंड झाकणारं हेल्मेट घातलेला स्वार, आणि कोपऱ्यात किंमत: अठरा हजारांच्या अलीकडे-पलीकडे. त्याच सायकलीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीतून जी पुस्तिका येते, तिच्यात बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सायकल उड्या, स्टंट आणि शर्यतींसाठी नाही. तसा वापर केल्यास वॉरंटी लागू राहणार नाही. जाहिरात एका खात्याने लिहिली आणि पुस्तिका दुसऱ्या, बहुधा वकिलांच्या खात्याने. दोघांची कधी गाठ पडलेली दिसत नाही. वकिलांना जे माहीत आहे ते तुम्हालाही माहीत असावं, म्हणून हे पत्र.

मी पुण्यात राहतो, इथल्या टेकड्यांवर आणि घाटांत सायकल चालवतो, आणि ओळखीपाळखीच्यांच्या सायकली दुरुस्त करून देत असल्यामुळे दुकानांतही बराच वेळ उभा असतो. तुमची जाहिरात गिऱ्हाइकापर्यंत कशी पोचते ते तिथे दिसतं. मे महिना, निकाल लागलेला, एक मुलगा आणि त्याची आई. मुलाचा पहिला प्रश्न, "काका, डबल डिस्क आहे ना?" काका म्हणतात, "डबल डिस्क, डबल शॉकअप, एकवीस गिअर. टॉप मॉडेल आहे." आई विचारते, "उंचीला होईल ना याच्या?" "ताई, वाढतं वय आहे, मोठीच घ्या. दोन वर्षांत बरोबर बसेल." मुलगा सीटवर चढतो, पाय पुरत नाहीत, चवड्यांवर तोल सावरतो आणि हरखून जातो. सौदा पक्का. या सगळ्यात ब्रेक कसे आहेत, फ्रेमचं माप काय, सायकल भरते किती किलो आणि मुलगा ती नेणार कुठे, यांतलं काहीच निघालं नाही. दुकानदाराला मी बोल लावत नाही. गिऱ्हाइकाला जे विचारायला तुम्ही शिकवलंत त्याचं उत्तर तो देतो.

तो डबल शॉकअप जरा जवळून बघू. पुढच्या चिमट्यात, म्हणजे फोर्कमध्ये, स्टीलच्या नळ्या, आत एक स्प्रिंग आणि रबराचा तुकडा. दुकानात हँडलवर भार टाका. चिमटा खाली जातो, हात काढला की तितक्याच जोरात वर उसळतो आणि टोकाला खट्‌कन आवाज येतो. बऱ्या फोर्कमध्ये स्प्रिंगच्या जोडीला डॅम्पर असतो. त्यातलं तेल बारीक छिद्रांतून सरकतं आणि स्प्रिंगने साठवलेला जोर बेतानं सोडतं. स्वस्त फोर्कमध्ये हा भागच नसतो. शहरातल्या खड्ड्यांत त्यावाचून फारसं अडत नाही. पण उतारावर, सुट्या मुरमावर, एकामागून एक दगड यायला लागले की पुढचं चाक जमिनीला धरून राहायला हवं, आणि नेमका तेव्हाच हा चिमटा ते उडवून लावतो. त्याचं वजन अडीच किलोंच्या घरात, ते वेगळंच. मागचा शॉकअप तर प्रत्येक पॅडलला सायकलीला उठाबशा काढायला लावतो; चढावर स्वाराचा दम त्यात जातो. याच किमतीत न हलणारा साधा फोर्क, थोडे रुंद टायर आणि बरे ब्रेक दिलेत तर सायकल हलकी होईल आणि टेकडीवर जास्त भरवशाची ठरेल. पण फोटोत ती साधी दिसेल, आणि इथेच तुमचं घोडं पेंड खातं.

मागच्या चाकाची तीच गत. या किमतीत सहसा आट्यांवर बसवलेला सात चकत्यांचा फ्रीव्हील येतो. त्या रचनेत उजवीकडचं बेअरिंग बरंच आत राहतं आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय बाहेर उरतो. अंगानं भारी माणूस चार पायऱ्या धडधड उतरला की एक्सल वाकतो, कधी तुटतोही. कॅसेटच्या हबमध्ये तेच बेअरिंग कडेपर्यंत आलेलं असतं, म्हणून तो टिकतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात, आणि '२१ स्पीड'चं स्टिकर दोन्हींवर सारखंच चिकटतं.

सायकल किती सोसेल याचं मोजमापच नाही, अशातला भाग नाही. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेच्या एफ २०४३ या मानकात वापरानुसार सायकलींचे वर्ग पाडलेले आहेत. पहिला वर्ग पक्क्या रस्त्यांचा. दुसऱ्यात कच्चे रस्ते आणि १५ सेंटिमीटरपर्यंतचा उतरता टप्पा. तिसऱ्यात खडबडीत पायवाटा, टप्पा ६१ सेंटिमीटरपर्यंत. मोठ्या उड्या आणि डाउनहिल त्याच्याही वरच्या वर्गांत येतात. कित्येक परदेशी कंपन्या हा वर्ग फ्रेमवर छोट्या चिन्हाने दाखवतात. तुमच्या अठरा हजारांच्या सायकलीचा प्रामाणिक वर्ग बहुतेक वेळा दुसरा निघेल. १५ सेंटिमीटर म्हणजे साधारण फुटपाथची उंची. म्हणजे जाहिरातीत सायकल माणूसभर उंचीवरून झेपावते आहे आणि कागदावर तिला फुटपाथवरून उतरण्यापुरती मुभा आहे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. तो वर्ग किमतीइतक्या मोठ्या अक्षरांत छापायला शाई काही फार लागणार नाही.

बरं, सायकल दोन लाखांची घेतली म्हणून उडी ती मारत नाही. जून २०१५ मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगला डाउनहिल विश्वचषकाची फेरी होती. अमेरिकेच्या ॲरन ग्विनची चेन सुरुवातीलाच, फाटकातून निघता निघता तुटली. डाउनहिलमध्ये स्वार एकेक करून सुटतात आणि घड्याळ निकाल लावतं, त्यामुळे पॅडल मारता न येणं म्हणजे खेळ खलास. हा गडी तसाच खाली आला. ब्रेक जपून वापरले, उंचवट्यांवर आणि वळणांत अंगानं सायकल दाबत वेग राखला, आणि पहिला आला. नंतर ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने २०१७, २०१८ आणि २०१९ अशी लागोपाठ तीन वर्षं एन्ड्युरो वर्ल्ड सीरिज जिंकली. बहुतेक स्पर्धक बूट पॅडलला अडकवून चालवत असताना हा साध्या सपाट पॅडलवर होता, आणि बाकीचे २९ इंची चाकांकडे वळत असताना २७.५ इंचीवर. दोघांच्याही सायकली दुकानातल्या अठरा हजारांच्या नव्हत्या, हे मलाही कळतं. त्या उत्तमच होत्या. पण त्यांच्याशी शर्यत लावणाऱ्यांच्या सायकलीही तितक्याच उत्तम होत्या, आणि तरी पहिला एकच आला.

आमच्या टेकडीवर नवी सायकल घेऊन मुलं येतात तेव्हा काय होतं? "पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटा पडशील," हा आपल्याकडचा पिढीजात सल्ला घेऊन ती आलेली असतात. उतार लागला की ती फक्त मागचा ब्रेक आवळतात. मागचं चाक जाम होतं, घसाऱ्यावरून फरफटत जातं, वळण हुकतं आणि मुलगा करवंदीच्या जाळीत. खरं तर थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं, कारण वेग कमी होताना भार पुढे येतो. शिकायचं असतं ते किती आणि केव्हा: वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना, एका बोटाने, हळूहळू वाढवत. सीट खाली घेतलेली, बूड सीटवरून उचललेलं, दोन्ही पॅडल आडवे, टाचा दाबलेल्या, कोपरं बाहेर, गुडघे सैल. नजर पुढच्या वळणाकडे. चाकाखालच्या दगडाकडे बघत राहिलं की चाक त्याच दगडावर जातं, हे कसं होतं कोण जाणे, पण होतं. ज्या सायकलीचे ब्रेक लागतात आणि हँडल डुगडुगत नाही, अशा कुठल्याही सायकलीवर हे सगळं शिकता येतं. शेजारच्या दादाच्या जुन्या सायकलीवर तर जास्त चांगलं, कारण ओरखडा पडेल म्हणून जीव वर-खाली होत नाही.

टायरच्या हवेबद्दल तर तुम्ही चकार शब्द काढत नाही. दुकानात नवी सायकल देताना हवा दगडासारखी टणक भरतात. अंगठ्याने दाबली तर दबत नाही. डांबरावर ठीक आहे. पायवाटेवर तोच टायर प्रत्येक खड्यावरून उडतो. दोन इंचांहून थोडा रुंद टायर, आत ट्यूब आणि साठ-पासष्ट किलोंचा स्वार असेल तर तीस पीएसआयच्या आसपास हवा पुरते. टायर खड्याभोवती वळतो आणि पकड धरतो. फारच कमी केली तर दगड आणि रिममध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकांचं पंक्चर हाती येतं. मग थोडी वाढवायची. हवा सोडायला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा हा सल्ला जाहिरातीत बसत नसावा.

मुलगा दोनदा आपटला की तुमची पुढची जाहिरात तयार असते. १०० मिलिमीटरचा शॉकअप कमी पडतोय? १२० घ्या. १२० असेल तर १४०. त्यापुढे 'ट्रेल', 'ऑल माउंटन', 'एन्ड्युरो' अशी चढती भाजणी. नाचता येईना तर अंगण बदलून देतो, असं म्हणणारा व्यापारी आपल्या म्हणीत नव्हता. तो तुम्ही आणलात.

या खेळाचा जन्म कुठे झाला ते तुमच्या खात्यात कोणीतरी वाचून काढायला हवं. कॅलिफोर्नियातला मरीन परगणा, माउंट टॅमलपायसचा परिसर, १९७० चं दशक. तिथल्या पोरांनी १९३०-४० च्या दशकांतल्या जाड टायरांच्या जुन्यापुराण्या सायकली शोधून काढल्या. श्विन कंपनीची एक्सेलसियर ही त्यातली लाडकी. भंगारवाल्यांकडे, लोकांच्या गॅरेजांत त्या पडून असत. मडगार्ड आणि नको ते सगळं काढून टाकायचं आणि डोंगरातल्या वणवारोधक रस्त्यांवरून खाली सोडायची. ब्रेक एकच, पॅडल उलटं दाबलं की मागच्या हबमध्ये लागणारा. तो इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि खाली पोचल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यावरून त्या उताराचंच नाव 'रिपॅक' पडलं. २१ ऑक्टोबर १९७६ ला तिथे पहिली शर्यत झाली. चार्ली केली ती भरवायचा, आणि गॅरी फिशरची ४ मिनिटं २२ सेकंदांची वेळ तिथला विक्रम म्हणून राहिली. चढही चढता यावा म्हणून त्यांनी दुसऱ्या सायकलींचे गिअर आणले, ड्रम ब्रेक लावले, मोटारसायकलीचे ब्रेक लिव्हर बसवले. जो ब्रीझने या कामासाठी मुद्दाम नवी फ्रेम बनवायला घेतली ती १९७७ मध्ये. फिशर आणि केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम विकायला १९७९ मध्ये दुकान काढलं, आणि स्पेशलाइज्ड कंपनीची स्टम्पजंपर १९८१ मध्ये आली. म्हणजे आधी चालवणारे झाले, मग जुने पार्ट जुळले, आणि सगळ्यात शेवटी तुम्ही. तुमच्या धंद्याचा पाया जुन्या बाजारात घातलेला आहे, आणि त्याच जुन्या बाजाराची वाट तुम्ही गेली काही वर्षं बुजवत आला आहात.

ती कशी, ते मापांत सांगतो. चाक आधी २६ इंची होतं. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचं सुवर्ण यारोस्लाव्ह कुल्हावीने २९ इंचीवर मिळवलं, रौप्य निनो शुर्टरने २७.५ इंचीवर, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच महागड्या मॉडेलांतून २६ इंची गायब झाली. मोठं चाक दगडांवरून सहज जातं, हे चालवून पाहिलेला कोणीही कबूल करेल. डिस्क ब्रेक, खाली-वर होणारी सीटपोस्ट, पुढे एकच चकती ठेवून गिअर सुटसुटीत करणं, या सुधारणा खऱ्या आहेत. पण मागच्या हबची रुंदी १३५ ची १४२ आणि १४२ ची १४८ मिलिमीटर झाली, पुढची १०० ची ११०. हँडलला जोडणारा फोर्कचा दांडा सरळ होता तो खाली जाड झाला. बीबी, म्हणजे पॅडलचा क्रँक ज्यात फिरतो ती बेअरिंगची जोडी, आट्यांची होती ती ठोकून बसवायची झाली, तिचीही तीन-चार मापं निघाली, आणि कुरकुर करू लागल्यावर कित्येक कंपन्या निमूटपणे परत आट्यांवर आल्या. कॅसेट बसवायचा ठोकळा शिमानो कंपनीचा वेगळा, स्रॅम कंपनीचा वेगळा, आणि २०१८ पासून शिमानोच्या बारा चकत्यांचा आणखी वेगळा. प्रत्येक बदलामागे एखादं कारण असतं. १४८ च्या हबमुळे तारांचा कोन रुंदावतो आणि मोठं चाक ताठ राहतं, हे बरोबर आहे. प्रश्न असा की सहा मिलिमीटरांच्या फायद्यासाठी आधीची चांगली चाकं दुसऱ्या सायकलीला निकामी ठरवली, तेव्हा त्याचा हिशेब कोणी मांडला?

आपल्याकडे दुसरं टोक डोळ्यांसमोर होतं. दूधवाल्यांची, पोस्टमनची काळी रोडस्टर घ्या. २८ बाय दीडचा टायर, ६३५ मिलिमीटरची रिम, कॉटर पिनचा क्रँक. लुधियानाच्या कोणत्याही कारखान्याचा माल असो, एकाचा पार्ट दुसऱ्याला बसायचा, आणि तालुक्याच्या बाजारात पत्र्याच्या टपरीत मिळायचा. चाळीस वर्षांची सायकल बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून गड्याकडे जायची. ती जड होती, तिचे ब्रेक पावसात नावापुरते होते, आणि तिचे गोडवे गायचा माझा इरादा नाही. पण तिला मरू न देण्याची व्यवस्था होती.

आता जुने पार्ट घेणाऱ्याकडे वळतो, कारण तुमच्या जाहिरातींत हा माणूस कुठल्याच हिशेबात नाही. २०२० च्या टाळेबंदीनंतर सायकली मिळेनाशा झाल्या होत्या; लोकांनी नंबर लावून घेतल्या. त्यातल्या बऱ्याचशा आज सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये धूळ खात आहेत, हवा गेलेल्या, शेजारी 'बेवारस सायकली हटवाव्यात' अशी नोटीस. त्यांचे हब, शिफ्टर, मागचे गिअर अजून नव्यासारखे आहेत. कॉलेजात जाणाऱ्या, टेकडीचा नाद लागलेल्या पोराला हाच माल परवडतो. तो चिंचवडहून सिंहगड रस्त्याला जातो, पार्किंगमधल्या मिणमिणत्या दिव्याखाली फोर्क बघतो आणि पैसे मोजतो. कुठला पार्ट आपल्या सायकलीला बसेल, हे त्याला तुमच्या तपशीलपत्रकातून कळत नाही. तिथे 'अलॉय', 'प्रीमियम' आणि 'हाय परफॉर्मन्स' लिहिलेलं असतं.

त्यामुळे तुम्ही सांगायला हवं ते आम्हीच सांगतो. चेन विकत घेण्याआधी स्टीलची पट्टी लावायची. एका पिनेच्या मध्यापासून मोजलं तर नव्या चेनची चोविसावी पिन बरोब्बर १२ इंचांवर येते. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली असेल तर चेन संपली, आणि तिने आपल्याबरोबर कॅसेटचे दातही खाल्ले असणार. डिस्कच्या पात्यावर किमान जाडी कोरलेली असते; शिमानोच्या बाबतीत १.५ मिलिमीटर. नवं पातं १.८ चं असतं, म्हणजे घासायला तीन दशांशच मिळालेले. ऑइल ब्रेक घेताना आत कोणतं तेल आहे ते विचारायचं. शिमानोला मिनरल ऑइल लागतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट नावाचं तेल. एकाच्या जागी दुसरं भरलं तर सील फुगतात आणि ब्रेक उतारावर दगा देतो.

फोर्क हा सगळ्यात मोहाचा माल, म्हणून तिथे जास्त वेळ काढावा. वरच्या चकचकीत नळ्या फडक्याने पुसायच्या आणि नख वरून खाली फिरवायचं. नख अडलं तर तिथे ओरखडा आहे. तो सीलखाली गेला की प्रत्येक फेरीला तेल बाहेर आणि धूळ आत. नळीचा मागचा भाग बघायचा, कारण झीज तिथे आधी दिसते. मुलामा उडून खालचा फिका धातू दिसत असेल तर नमस्कार करून निघायचं. मग विचारायचं, सर्व्हिस कधी केली होती? फोर्क बनवणाऱ्या रॉकशॉक्सच्या पुस्तिकेत खालच्या नळ्यांची सफाई पन्नास तासांनी सांगितली आहे; आपल्याकडे बहुतेक फोर्क जन्मात एकदाही उघडलेले नसतात. शेवटी हँडलच्या दांड्याची लांबी. आधीच्या मालकाने आपल्या मापाने कापलेला दांडा तुमच्या फ्रेमला आखूड पडला तर वाढवता येत नाही. आणि दांडा खाली जाड असेल, तर जुन्या ३४ मिलिमीटरच्या हेडट्यूबमध्ये तो कुठल्याही जुगाडाने जात नाही. ४४ ची असेल तर खाली बाहेरून कप लावून जमतं. दांड्याची लांबी आणि हेडट्यूबचं माप, हे दोन आकडे तुमच्या पत्रकात असते तर कित्येक पोरांचे पाच-सात हजार वाचले असते. बसला तरी फार लांब फोर्क लावू नये. पुढचा भाग उचलला जातो, हँडल सुस्तावतं, आणि ज्या फ्रेमला तो ताण सोसायचाच नव्हता तिच्या गळ्याशी तडा जातो.

हेल्मेट आणि कार्बनचं हँडल मात्र कोणी फुकट दिलं तरी घेऊ नये. आतून तडकलेलं असलं तर बाहेरून पत्ता लागत नाही. पूर्ण सायकल घेत असाल तर बीबीच्या खाली कोरलेला फ्रेम नंबर बिलाशी ताडून पाहा. चोरीच्या मालाला गिऱ्हाईक मिळतं म्हणून चोरी होते.

यात तुमचं काय जातं, असं तुम्ही म्हणाल. जुना पार्ट विकला गेला तर तुमच्या गल्ल्यात काही पडत नाही. खरं आहे. पण हात बसतो तो अशाच सायकलींवर, आणि पुढे चांगली नवी सायकल पारखून घेतो तोही हाच पोरगा. ज्याला पहिल्या महिन्यात सायकलीने आपटलं आणि दुसऱ्या महिन्यात तिचा पार्ट मिळाला नाही, तो तिसऱ्या महिन्यात स्कूटी घेतो. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यातून जे सुटेल ते आणखी एका स्टिकरवर घालण्याऐवजी सुटे भाग साठवण्यावर घाला.

मनात आणलं तर उद्योगाला जमतं, याचा दाखला आहे. मागचा गिअर फ्रेमला जिथे लटकतो तो हँगर मुद्दाम मऊ केलेला असतो. सायकल आपटली की तो वाकावा, फ्रेम वाकू नये, हा हेतू. म्हणजे तो बदलायचाच पार्ट. तरीही वर्षानुवर्षं प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा निघत राहिला. २०१९ मध्ये स्रॅमने एकच सर्वांना चालेल असा हँगर आणला, यूडीएच नावाचा, आणि बऱ्याच कंपन्यांनी आपल्या फ्रेम त्याला जुळवून घेतल्या. स्रॅमने हे धर्मादाय केलं नव्हतं. २०२३ मध्ये त्याच जागेवर थेट बसणारा स्वतःचा गिअर त्यांनी काढला. चालेल. त्यांच्या स्वार्थातून आमचंही भलं झालं, तर माझी काही तक्रार नाही.

तुमच्या स्वस्त मॉडेलांपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही. आमच्या इमारतीतल्या एका मुलीची सायकल बोपदेव घाटाजवळच्या पायवाटेवर आडवी झाली आणि हँगर मोडला. बाकी फ्रेम ठणठणीत. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण कुठलीही असती तरी फारसा फरक पडला नसता. विक्रेत्याने सांगितलं, मॉडेल बंद झालं, हँगर येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवी घेऊन टाका. दोन इंचांच्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यासाठी पूर्ण सायकल. शेवटी भोसरीतल्या एका वर्कशॉपवाल्या काकांनी मोडलेले दोन तुकडे जुळवून माप घेतलं, पट्टीतून नवा कापला, दहा मिलिमीटरला एकच्या पिचने आटे पाडले आणि घासून बसवला. मुलगी परत टेकडीवर जाते आहे, आणि आता वळणाच्या आधी ब्रेक लावते.

काकांनी काढलेलं रेखाचित्र, सगळ्या मापांसह, सोबत जोडलं आहे. ज्यांच्या फ्रेमचं आहे ते बघताक्षणी ओळखतील. त्यांनी ते आपल्या सर्व्हिस खात्याला द्यावं. तिथे नाही, असं आम्हाला लेखी कळवण्यात आलं आहे.

आपला,
पुण्यातला एक सायकलस्वार

सोबत: हँगरचं रेखाचित्र, एक प्रत